भटक्या कशावरून?

एखादे नाव माणसाला चिकटते, तसे ताऱ्यांनाही. विल्यम हर्शेल यांनी १७८८ साली शोधलेल्या एन.जी.सी. २४१९ या गोलाकार तारकागुच्छावर ‘आंतरदीर्घिकीय भटक्या’ असा शिक्का बसला आहे. कारण काय, तर तो फार दूर आहे. सुमारे पावणेतीन लाख प्रकाशवर्षे! मॅगेलनचे दोन्ही मेघसुद्धा त्याहून जवळ. इतक्या दूरचा तो आपल्या आकाशगंगेचा कसा असेल, असे वाटले आणि नाव पडले.

वास्तविक तो आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणानेच बांधलेला आहे. एका फेरीला शंभर कोटींहून अधिक वर्षे लागतात, इतकेच. ‘गाया’ यानाच्या २०१८ सालच्या मोजमापांवरून त्याची गती धनू बटुदीर्घिकेच्या तारकाप्रवाहाशी जुळते. आकाशगंगा या लहान दीर्घिकेला ओढून विस्कटते आहे. तिच्याबरोबरच हा गुच्छ आला असावा. म्हणजे जन्म दुसऱ्या घरचा, पण आज तो याच कुटुंबात आहे.

नाव गमतीने घ्यावे, असे कोणी प्राध्यापक म्हणतील. मला ते पटत नाही. नाते ठरवायला अंतर पुरत नाही, गती पाहावी लागते. विद्यार्थ्याच्या ध्यानात मात्र नावच राहते. वर्गात ‘भटक्या’ म्हणणाऱ्यांनी निदान पुढचे वाक्यही सांगावे. हिवाळ्यात, पुनर्वसूच्या ताऱ्यांच्या उत्तरेला, बऱ्यापैकी दुर्बिणीतून तो धूसर ठिपक्यासारखा दिसतो.