आयुष्मान कार्डावरचं ऑपरेशन ‘मंजूर’ कोण करतं? आणि त्याचा मेसेज कुणाच्या मोबाईलवर जातो?

मामाची अँजिओप्लास्टी ठरली तेव्हा दीड दिवस मी आरोग्यमित्राच्या टेबलासमोरच्या बाकड्यावर बसून काढला. डॉक्टर तयार होते, बेड होता, कार्डही होतं. स्क्रीनवर मात्र एकच शब्द, ‘क्वेरी’. ‘वरून क्वेरी आलीय’ एवढंच उत्तर मिळायचं. वर म्हणजे कुठे, हे समजावून सांगायला त्या बिचाऱ्याला वेळ नव्हता, टेबलाभोवती आणखी आठ-दहा नातेवाईक उभे होते.

आमच्या घरात फोनवरची सगळी कामं माझ्याकडे येतात. तुमच्याकडेही कदाचित असंच असेल. म्हणून हे ‘वर’ काय प्रकरण आहे ते आज बघूया.

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे हॉस्पिटलातले उपचार मोफत. आपल्याकडे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसोबत चालते. २०१२ मध्ये ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली तीच ही योजना. राज्य आरोग्य हमी सोसायटी तिचा कारभार बघते.

यात हॉस्पिटलला बिल लावून पैसे मिळत नाहीत, पॅकेजप्रमाणे मिळतात. अमुक ऑपरेशन म्हणजे अमुक रुपये, आधीच ठरलेले. खर्च फुगवायला वाव नाही, हे चांगलंच. पण मग कमाई वाढवायचा दुसरा रस्ता उरतो, गरज नसलेलं पॅकेज लावायचा. म्हणून तपासणी लागते.

ती दोनदा होते. हॉस्पिटल आधी रुग्णाची ओळख पटवतं, पॅकेजचा कोड निवडतं, रिपोर्ट आणि फोटो अपलोड करतं. मग पेशंटला कधीही न पाहिलेला एक डॉक्टर दुसऱ्याच कुठल्यातरी शहरात ती फाइल उघडतो. मंजूर, नामंजूर किंवा क्वेरी, एवढेच पर्याय. त्याला काही तासांची मुदत असते, पण क्वेरी टाकली की चेंडू परत हॉस्पिटलच्या कोर्टात. तिथे कुणी वेळेत उत्तर दिलं नाही तर पेशंट तसाच पडून राहतो. (जीवावर बेतलेलं असेल तर आधी उपचार आणि फोनवर मंजुरी, अशी सोय आहे. तिची आठवण करून द्यायला लाजू नका.)

डिस्चार्जनंतर दुसरी फेरी. आधी कागद पूर्ण आहेत का ते बघतात, मग पुन्हा एक डॉक्टर, मग हिशेब. राष्ट्रीय नियमानुसार राज्यातल्या राज्यात १५ दिवसांत आणि परराज्यातला पेशंट असेल तर ३० दिवसांत पैसे मिळायला हवेत. व्यवहारात उशीर होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खाजगी हॉस्पिटलांनी थकबाकीवरून आयुष्मानचे उपचारच थांबवले होते. म्हणजे तपासणी ढिली ठेवली तर लूट, आवळली आणि पैसेही अडकवले तर दारातूनच ‘योजनेचे पेशंट घेत नाही’.

प्रत्येक पॅकेजला पुरावे ठरलेले आहेत. अँजिओप्लास्टी असेल तर आधीची आणि नंतरची चित्रं, शिवाय स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर. वर सॉफ्टवेअर आहेच. एकच फोटो दोन फाइलींना लागलाय का, एकच माणूस एकाच वेळी दोन हॉस्पिटलांत दिसतोय का, अशा गोष्टी मशिन पकडतं. सरकारने २०२५ च्या सुरुवातीला दिलेल्या माहितीनुसार खाजगी हॉस्पिटलांचे २.७ लाख दावे, म्हणजे ५६२.४ कोटी रुपयांचे, असे नामंजूर झाले. १,११४ हॉस्पिटलं योजनेतून काढली गेली. यंत्रणा झोपलेली नाही, हे मान्य करायला हवं.

पण ती फाइल तपासते. फाइलच खोटी असेल तर?

नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरीसणा गावात मोफत तपासणीचं शिबिर झालं. तिथून १९ जणांना अहमदाबादच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं, सगळ्यांची अँजिओग्राफी झाली, ७ जणांना स्टेंट बसवले. त्यातले २ जण वारले. गरज नसताना हे केलं आणि कागदोपत्री आजार वाढवून दाखवला, असा पोलिसांचा आरोप आहे. योजनेची मंजुरी मात्र घेतलेली होती! त्याआधीचं उदाहरण जास्त भयानक आहे. ३० हजारांच्या जुन्या राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेत, २०१२ च्या सुमारास, बिहारच्या समस्तीपूरमध्ये आणि छत्तीसगडमध्ये कित्येक बायकांच्या पिशव्या विनाकारण काढल्याचं उघड झालं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये राज्यांना त्याबाबत नियम लागू करायला सांगितलं गेलं.

या सगळ्यात एका माणसाला कुणीच काही विचारलेलं नसतं, ज्याच्या अंगावर ऑपरेशन झालं त्याला. त्याच्यापर्यंत पोचायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे त्याचा मोबाईल नंबर. आणि नेमकी तिथेच बोंब आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅगचा अहवाल संसदेत आला. आयुष्मानच्या यादीत ७,४९,८२० लोकांच्या नावापुढे एकच नंबर होता, ९९९९९९९९९९. दहा वेळा नऊ. मीम्स झाले, तुम्हीही पाहिले असतील. सरकारने खुलासा केला की ओळख आधारवरून पटवतात, उपचार मिळायला मोबाईल नंबर लागत नाही, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

खुलासा चुकीचा नाही. पण मला तो पटत नाही. नंबर आत शिरायला लागत नसेल, बाहेर कळवायला लागतोच की. ‘तुमच्या नावावर अमुक उपचार मंजूर झाला’ हा मेसेज दहा नऊंच्या नंबरवर जाणार असेल, तर मशिनने कितीही हुशारी करू दे, ‘अहो, मी तर त्या दिवशी शेतात होतो’ असं सांगणारा माणूस साखळीतून गेला. कॅगनेही हेच लिहिलंय. नंबर चुकीचा असला की भरतीच्या आधी आणि नंतर रुग्णाशी संपर्कच होत नाही, आणि कार्ड हरवलं तर नोंद शोधायलाही अडचण.

आता मामाची गोष्ट पूर्ण करतो. दुसऱ्या दिवशी आरोग्यमित्राने स्क्रीनवरचा नंबर वाचून दाखवला आणि विचारलं, ‘हा कुणाचा?’ घरात कुणाचाच नव्हता. गावात शिबिर लावून कार्ड काढून देणाऱ्या माणसाचा होता! त्याने घाईत आपलाच नंबर टाकला असणार, अजून किती जणांना टाकलाय देव जाणे. आणि क्वेरी? हॉस्पिटलने अँजिओग्राफीचा लेखी रिपोर्ट जोडला होता, चित्रं जोडायची राहिली होती. म्हणजे दीड दिवस मी ज्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, तो वरचा डॉक्टर अगदी बरोबर प्रश्न विचारत होता. लेखी रिपोर्टात कुणी काहीही लिहू शकतं. चूक हॉस्पिटलची होती, आणि ती आम्हाला कुणी सांगितली नाही, कारण सांगायला नंबरच नव्हता.

तेव्हा आज संध्याकाळी आजी-आजोबांचं, आई-बाबांचं कार्ड काढा आणि त्याला कुठला नंबर लावलाय ते विचारून घ्या. ७० च्या पुढच्यांना उत्पन्न न बघता ऑक्टोबर २०२४ पासून वेगळं कार्ड मिळतं, तेही बघा. आधारला जोडलेला नंबर वेगळा आणि या कार्डाचा वेगळा असू शकतो, इथे गफलत होते. चुकीचा असेल तर कार्ड काढतात त्या केंद्रावर किंवा हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे जा. भरती असताना पॅकेजचं नाव विचारा, क्वेरी आली तर नेमका कुठला कागद मागितलाय तेही. पैसे मागितले तर राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मानसाठी १४५५५.

मामाच्या कार्डावर आता माझा नंबर आहे. डिस्चार्जनंतर काही दिवसांनी योजनेकडून फोन आला, हॉस्पिटलने पैसे घेतले का म्हणून. नाही म्हणालो. फोन ठेवल्यावर मी मामाला सहज विचारलं, स्टेंट किती बसवले रे? ‘ते डॉक्टरांना माहीत,’ मामा म्हणाला. मग आम्ही दोघांनी फाइल काढली आणि स्टिकर मोजले.