इमेज पुण्यात, पूर भामरागडात

"डॉकर आहे ना, मग काय! एक कमांड मारली की झालं." हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. कुठे झालं? पुण्यातल्या एसी ऑफिसात झालं. इकडे पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय.

मंडळी, कंटेनर इमेज म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधलेलं गाठोडं. २०१३ मध्ये डॉकर आलं ते हेच सांगत. सगळं सामान, बरं का! आणि आता बघावं तर कंटेनर सुरू होताच आतली स्क्रिप्ट आधी नेटवरून लायब्रऱ्या ओढायला लागते. हे गाठोडं नव्हे, नुसती सामानाची यादी.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका छोट्या दवाखान्याचे कॉम्प्युटर मी चंद्रपूरहून सांभाळतो. तिथे बाहेरून घेतलेली इमेज ऐन जुलैत, लाइट जाऊन आल्यावर उठेचना. कारण? नेट नाही. चार दिवस केसपेपर हाताने लिहिले. मग उठली, तर पेशंटच्या नावाच्या जागी छापून आले रिकामे चौकोन! इमेज अल्पाइनवरची, आकाराने इवलीशी म्हणून कौतुक फार. पण देवनागरी फॉन्ट? लोहित किंवा नोटो घालायला एक ओळ लागते हो.

"डेटा किती स्वस्त झालाय" म्हणतात. टॉवर बंद असेल तर फुकट डेटाचंही काय करायचं? आणि हा काही चार प्रोग्रॅमरांचा प्रश्न नाही. शेजारच्या छत्तीसगडात, गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगमध्ये ज्याची सुरुवात झाली ते 'बाह्मनी' हे रुग्णालयांचं मुक्त सॉफ्टवेअरही आता डॉकर इमेजच्या रूपात येतं.

म्हणून माझा हट्ट आहे, आपली इमेज आपण बांधायची. लायब्रऱ्या, फॉन्ट, भारतीय वेळ, सगळं बांधतानाच आत. क्वचित बदलणारे थर खाली, आपला कोड सर्वांत वर. म्हणजे नवी आवृत्ती ओढताना फक्त वरचा थर उतरतो. 'लेटेस्ट' हा टॅग तर हद्दपारच करा, कारण तीन महिन्यांनी तिथे नेमकं काय चालू आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मी तारीख घालतो.

आणि पाठवण्याआधी नेटची केबल काढून चालवून बघायचं. चालली, तर ती एका फाइलमध्ये सेव्ह करून पेनड्राइव्हवर घ्यायची. आमची दर वेळी जूनच्या आधी एसटीने जाते.