कपाटाची किल्ली

जूनमध्ये बालवाड्या सुरू होतात आणि नव्या साहित्याची खोकी उघडली जातात. मनोरा, रुंद जिना, लांब जिना, दट्ट्यांच्या पेट्या. बऱ्याच ठिकाणी हे सगळं काचेच्या कपाटात जातं, त्याला कुलूप लागतं आणि ताई काढून देतील तेव्हाच वस्तू मुलांच्या हाती येते. यामागची काळजी खरी आहे. संच महाग असतात, तुकडे हरवतात आणि हिशेब ताईंनाच द्यावा लागतो. तरीही या वर्षी कुलूप काढा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

रोमच्या सान लोरेंझो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसोरींचं पहिलं बालगृह सुरू झालं, तेव्हा तिथलं साहित्यही कुलपातच असे. एकदा बाई कुलूप लावायला विसरल्या आणि दुसऱ्या दिवशी उशिरा आल्या. पाहतात तो मुलांनी कपाट उघडून वस्तू बाहेर काढलेल्या. बाईंना ती चोरी वाटली. माँटेसोरीबाईंनी त्यावरून ओळखलं, की मुलांना आता साहित्य पुरतं परिचयाचं झालं आहे, त्यांना निवड करता येते. मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी, उघडी कपाटं त्यानंतर आली.

उघड्या फळीवरच हे साहित्य खरं काम करतं. दट्ट्यांच्या एका पेटीत दहा दट्टे आणि दहा खाचा. एक चुकीच्या खाचेत गेला, की शेवटी एक उरतोच. आपलं चुकलं हे मुलाला पेटी सांगते. पण ते समजायला त्याला वेळ लागतो, कधी सगळे दट्टे पुन्हा काढावे लागतात. दर अर्ध्या तासाने घंटा होत असेल, किंवा ‘तिथे नाही रे, इकडे’ असं आपण मध्येच म्हणत असू, तर पेटीचं काम आपण हिरावून घेतो. निदान सलग दीड तास मुलांच्या कामात कुणी येऊ नये, एवढं तरी वेळापत्रकात बसवाच.

महाग संच नसले म्हणून अडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला परिसरातल्याच वस्तूंतून साहित्य उभं केलं. मात्र इथे एक गोष्ट फार जपायला हवी. मनोऱ्याच्या दहाही ठोकळ्यांचा रंग एक, आकार एक. बदलतं ते फक्त माप, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. शंख-शिंपले, बिया, खडे जरूर आणा, पण रंग, आकार आणि माप तिन्ही बदलत असेल, तर लहान-मोठं शिकणाऱ्या मुलाने नेमकं काय पाहायचं? एका ताटलीत एकच फरक ठेवा. एवढं सांभाळलं तर चिंचोके बाजारातल्या संचाइतकंच काम देतात.

सगळे कोपरे एका दिवसात मांडू नयेत. सुरुवात जीवनव्यवहाराच्या कोपऱ्यापासून करावी, आणि त्याला वर्गातली सगळ्यात चांगली, उजेडाची जागा द्यावी. पाण्याचा छोटा तांब्या, दोन वाट्या, सांडलेलं पुसायला फडकं. गहू निवडायला सुपली. बटणं-नाड्यांच्या चौकटी. वस्तू खऱ्या असाव्यात, खेळण्यातल्या नकोत, कारण पाणी सांडतं तेव्हाच हात जपून धरायला शिकतो. वस्तू जिथून घेतली तिथेच परत ठेवण्याची सवयही याच कोपऱ्यात लागते. ती लागली, की मग मनोरा आणि दट्टे फळीवर आणा, प्रत्येकाचा एकच संच. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबणं हाही त्यातला मोठा धडा आहे.

आणि तुकडा हरवलाच, तर रागावू नका. तो संच फळीवरून काढून ठेवा आणि मुलांना सोबत घेऊन शोधा. नाहीच सापडला, तर गावातल्या सुताराला माप द्या. १ सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा त्याच्या हातचं काम आहे.