शब्दांचे पत्ते

बालमित्रांनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

पत्ते म्हटले की घरची मोठी माणसे रागावतात. पण मी ज्या पत्त्यांविषयी लिहिते आहे ते अभ्यासाचे पत्ते आहेत. एका बाजूला मराठी शब्द किंवा चित्र, आणि मागे त्याचा इंग्रजी शब्द. पुढची बाजू बघायची, मागचा शब्द आठवून मोठ्याने म्हणायचा आणि मगच पत्ता उलटायचा. आता असे पत्ते मोबाइलमध्येही मिळतात. त्याला फ्लॅशकार्डचे ॲप म्हणतात. पुष्कळ जण म्हणतात, आता मुलांनी मोबाइलवरच इंग्रजी शिकावे. माझे मत थोडे निराळे आहे.

आपल्या महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीपासून असे. माझे आजोबा म्हणतात, "आमची अन् ए बी सी डी ची गाठ पाचवीत पडली." आपली गाठ पहिलीतच पडली, म्हणून चौथीपर्यंत शब्द खूप झाले. पण सोमवारी पाठ केलेला शब्द शनिवारी कुठं पळून जातो ते कळतच नाही.

गुरुजींनी आम्हाला याचे कारण सांगितले. जर्मनीत एबिंगहाऊस नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी अर्थ नसलेली अक्षरे स्वतः पाठ केली आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजले. ते पुस्तक 1885 साली निघाले. पाठ केलेले सुरुवातीलाच भराभर विसरते आणि नंतर विसरणे हळू होते, असे त्यांना दिसले. म्हणजे विसरायच्या आत पुन्हा उजळणी करावी लागते.

पुढे 1972 साली लाइटनर नावाच्या लेखकाने एका खोक्याची युक्ती पुस्तकात लिहिली. खोक्यात पाच कप्पे करायचे. सगळे पत्ते पहिल्या कप्प्यात ठेवायचे. शब्द आला तर पत्ता पुढच्या कप्प्यात जातो. चुकला तर परत पहिल्या कप्प्यात येतो. पहिला कप्पा रोज बघायचा आणि पुढचे जास्त जास्त दिवसांनी. त्यामुळे अवघड शब्द रोज भेटतो आणि सोपा शब्द उगीच वेळ खात नाही.

मोबाइलचे ॲप पण हेच काम करते. कुठला शब्द कधी विचारायचा याचा हिशेब ते स्वतः ठेवते. अँकी नावाचे एक ॲप 2006 साली निघाले. अँकी हा जपानी शब्द आहे आणि त्याचा अर्थ पाठांतर. साध्या अँड्रॉइड मोबाइलवर ते फुकट चालते आणि एकदा पत्ते उतरवून घेतले की रेंज नसली तरी चालते. शिवाय मोबाइल बोलतो, हा त्याचा मोठा गुण आहे. नाइफ या शब्दात पहिला के असतो, पण तो तोंडच उघडत नाही. पुठ्ठ्याचा पत्ता हे सांगत नाही, मोबाइल सांगतो. म्हणून मोबाइल वाईट आहे असे मी म्हणत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुले 2019 साली इंटरनेटच्या मदतीने चक्क जपानी शिकू लागली. त्यांना रोबोची आवड होती, म्हणून त्यांनी ती भाषा निवडली. आपल्यासारख्याच शाळेतली मुले हे करतात, याचा मला अभिमान वाटतो.

पण आपल्या वर्गात सगळ्यांच्या घरी असा मोबाइल आहे का? काहींच्या घरी एकच आहे आणि तो वडलांबरोबर रानात नाहीतर वैरागच्या बाजारात जातो. काहींच्या घरी नुसता बटणाचा आहे. 2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा अभ्यास मोबाइलवर यायचा. माझ्या ताईच्या एका मैत्रिणीकडे मोबाइल नव्हता. शाळा उघडली तेव्हा तिला इंग्रजीचा धडा वाचता येईना. ताई सांगते, "ती माझ्यापेक्षा हुशार होती." ती मुलगी मागे पडली ती डोकं नव्हतं म्हणून नाही, फोन नव्हता म्हणून. हे मला बरोबर वाटत नाही. वर्गाचा अभ्यास असा असावा की तो सगळ्यांच्या हाताला लागेल. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाच्या पिशवीत सुद्धा पत्त्यांचा गठ्ठा बसतो.

दुसरी गोष्ट. मोबाइलमध्ये तयार पत्ते असतात. त्यात इग्लू असतो, स्नोमॅन असतो. आपल्या रानात बर्फ कुठला? पत्ते आपण बनवले तर त्यात विळा येईल, कडबा येईल, ज्वारी येईल. विळ्याला सिकल म्हणतात. तुरीला पिजन पी म्हणतात, म्हणजे कबुतराचा वाटाणा! हे कळल्यावर वर्गात जो हशा झाला, त्यामुळे तो शब्द आता कुणीच विसरणार नाही. आणि पत्ता बनवताना स्पेलिंग हाताने लिहावे लागते, चित्र काढावे लागते. तिथेच अर्धा अभ्यास होतो.

कोणी म्हणेल, नुसते शब्द पाठ करून भाषा येते का? नाही येत. म्हणून प्रत्येक पत्त्यावर एक लहान वाक्यही लिहावे. नुसते बी साठवून पीक येत नाही, ते पेरावे लागते. शब्दाचे तसेच आहे, तो बोलण्यात पेरावा लागतो.

कागद आणि मोबाइल यांचे भांडण लावायचे कारण नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले. त्यांना 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी कागदाचे पुस्तक फेकून दिले नाही, त्याला मोबाइल जोडला. आपणही तसेच करावे. पत्ते पुठ्ठ्याचे करावेत, आणि उच्चार ऐकायला आठवड्यातून एकदा गुरुजींचा मोबाइल वर्गात फिरवावा.

याला खर्च नाही. लग्नसराई झाली की घरोघर लग्नपत्रिका पडून असतात. त्यांची मागची बाजू कोरी असते. चपलेच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठे उभे केले की पाच कप्पे तयार. पालकांनो, पुढच्या वेळी शाळेत याल तेव्हा जुन्या पत्रिका बरोबर आणा. आणि घरी मुलाच्या हातात पत्ते दिसले तर रागावण्याआधी ते उलटून बघा. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल. मराठी बाजू तुम्ही वाचा, इंग्रजी आम्ही सांगू.

— इयत्ता 4 थी