अर्धमेल्या माशीचा वारसा

घरात माशा झाल्या की आपण फवाऱ्याची बाटली काढतो. पाच-सहा माशा उताण्या पडून पाय झाडू लागल्या की आपले समाधान होते. औषध महाग म्हणून पाणी घालून पुरवणारेही पुष्कळ. मला मात्र काळजी वाटते ती झिंगून खिडकीच्या गजावर जरा टेकलेल्या आणि मग भुर्रकन उडून गेलेल्या माशीची. पुढच्या पिढीची आई तीच होणार असते.

डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला १९३९ मध्ये सापडला. त्याबद्दल १९४८ चे नोबेल पारितोषिक त्याला स्वीडनमध्ये देण्यात आले. गंमत अशी, की डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाशा १९४६ मध्येच आढळल्या होत्या, आणि त्याही स्वीडनमध्येच!

‘माशांना औषधाची सवय झाली’ असे आपण म्हणतो. पण सवय लागत नाही. असंख्य माशांत एखादी उपजतच चिवट असते. औषध बाकीच्यांना मारून तिला रान मोकळे करून देते. एक मादी जन्मात पाचशेच्या आसपास अंडी घालते आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याची माशी होते. चक्रवाढ व्याजाचे हिशेब करण्यात माझी बँकेतली नोकरी गेली. इतका चढा दर मी कुठल्याही ठेवीवर पाहिला नाही.

मात्रा अपुरी पडली, की जेमतेम चिवट माशाही तगून जातात. अशा अर्धमेल्या माशीचे नुकसान होत नाही असे नाही. तिची अंडी पुष्कळदा घटतात, काही कोषांतून माशी बाहेरच पडत नाही. पण जी संतती जगते, ती चिवटपणाचा वारसा घेऊन येते. काही कीटकांत तर विषाच्या अत्यल्प मात्रेने अंडी वाढल्याचेही दिसले आहे.

औषध बदलले म्हणून सुटका होतेच असेही नाही. डीडीटी आणि आजच्या बहुतेक घरगुती फवाऱ्यांतली पायरेथ्रॉइड औषधे माशीच्या मज्जातंतूंत एकाच ठिकाणी घाव घालतात. ते ठिकाणच बदललेली माशी दोन्हींना पुरून उरते.

म्हणून माझ्या मते अर्धवट फवारणी ही न केलेल्या फवारणीहून वाईट. शेतकरी पुढच्या पेऱ्यासाठी निवडक बियाणे राखतो, तसे आपण निवडक माशा राखत असतो. आणि हीच माशी विष्ठेवरून उठून लेकराच्या ताटावर बसते, हगवणीचे जंतू घेऊन.

इलाज जुनाच आहे. माशी जन्मते ती शेणात, ओल्या कचऱ्यात, उकिरड्यावर. आठवड्यातून दोनदा उकिरडा उचलला, तर अळीची माशी होण्याआधीच कारभार आटोपतो, आणि याला चिवट होणारी माशी अजून जन्मायची आहे. पण धुराची गाडी गल्लीतून गेली की काम झाल्यासारखे वाटते. उचललेला उकिरडा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. नगरपालिकेकडे मागणी करायचीच, तर धुराच्या गाडीची नको, कचऱ्याच्या गाडीची करू या.