ज्वारीची भाकरी आणि ज्वारीचा बन

गेल्या वेळ अमावस्येला शेतात कडब्याची कोप उभी राहिली, पांडवांची पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. पंगत बसली तेव्हा पुण्याहून आलेल्या आमच्याच घरच्या दोन मुलांनी भज्जीला आणि उंड्यांना हात लावला नाही. "इथं बर्गर मिळत नाही का?" असे त्यांनी विचारले. आम्ही सारे हसलो. घरी परतताना मात्र कुणी फारसे बोलले नाही.

मॅकडोनाल्ड्सचे पहिले दुकान भारतात 1996 च्या ऑक्टोबरात दिल्लीत निघाले. त्याच वर्षी 30 जानेवारीला आपल्या राज्यात, बंगळुरात, प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने केंटकी चिकनच्या दुकानावर हल्ला केला होता. काचा फुटल्या, खटले झाले, दुकाने वाढतच गेली. दगडाने हा प्रश्न सुटत नाही, हे तेव्हाच कळायला हवे होते.

कारण ही कंपनी हट्टी नाही. ती हिशेबी आहे, आणि आम्हा बँकेतल्या माणसांना हिशेब लवकर कळतो. जगभर गोमांसावर चालणारा धंदा तिने इथे गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य करून मांडला. शाकाहाराचे स्वयंपाकघर वेगळे ठेवले. बटाट्याची टिक्की पावात घातली. म्हणजे आपला वडापावच की! फरक एवढाच, की दादरच्या गाडीवरच्या वड्याला शीतसाखळी नव्हती आणि जाहिरातही नव्हती.

आता पुढची गोष्ट ऐका. 2024 च्या सप्टेंबरात याच कंपनीच्या पश्चिम व दक्षिण भारतातील शाखेने बहुधान्याचा बन विक्रीस आणला. ज्वारी, बाजरी, नाचणी घातलेला. त्यासाठी मदत घेतली ती मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेची. 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष भारताच्याच पुढाकाराने साजरे झाले होते. त्याचा अर्थ कंपनीला आमच्याआधी समजला.

भीमाकाठच्या ज्या मातीत शाळू पिकतो, तिथल्या मुलाला भाकरी गावंढळ वाटते आणि तीच ज्वारी बनमध्ये शिरली की आरोग्यदायी ठरते. दोष कंपनीचा म्हणावा तर तिने काय केले? दोष आमचा आहे. पाहुणे आले की आम्ही चपात्या करतो, भाकरी लपवतो. लग्नाच्या पंगतीत पनीर असते, शेंगाची चटणी नसते. कर्जाच्या कागदांवर आम्हांला ऊस आणि तूर जास्त दिसते. ज्वारीचे नाव येते ते कडब्यापुरते. मजूर मिळत नाहीत, काढणीला पैसा लागतो, भाव येत नाही. शेतकऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आपले मंडळ पाट्यांच्या भाषेवरून निवेदने देते, ते योग्यच आहे. पण भाकरीला मराठी-कानडी वाद नाही. रोट्टी म्हणा, भाकरी म्हणा, थापणारे हात दोन्हीकडचे सारखेच. सोलापूरची कडक भाकरी दूरदूर जाते, मग करजगीची का जाऊ नये?

मंडळाच्या येत्या स्नेहमेळाव्याला आचाऱ्याची पुरीभाजी नको, असे आमचे म्हणणे आहे. गावातल्याच दहा-बारा बायाबापड्यांना रोख मजुरी देऊन भाकऱ्या थापून घ्याव्यात, ज्वारी आपल्याच सभासदांकडून बाजारभावापेक्षा दोन पैसे जास्त देऊन घ्यावी. खर्चाचा अंदाज आम्ही काढून ठेवला आहे. पुण्याच्या पोरांनाही बोलवावे.