ताटातले व्रत आणि टेबलावरचे व्रत

गेल्या दशलक्षण पर्वात माझी भाची दोन दिवसांसाठी पुण्याहून सांगलीला आली होती. वाणिज्य शाखेची पदवी व त्यानंतर व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण करून नोकरीला लागल्याला तिला चौदा महिने झाले होते. एका वित्तीय संस्थेच्या शाखेत ग्राहकांना ठेवी, विमा व गुंतवणुकीच्या योजना समजावून सांगणे, असे तिच्या कामाचे स्वरूप आहे. ही नोकरी घे, असे आग्रहाने सांगणारा मीच होतो. बँकेत आयुष्य काढलेल्या मामाला दुसरे काय सुचणार?

तिच्या दिनक्रमाचे घरात सर्वांना कौतुक आहे. कार्यालय सुटायला रात्रीचे आठ वाजतात. म्हणून ती सायंकाळी साडेपाचलाच डबा उघडते आणि सूर्यास्तानंतर काही खात नाही. कांदा-बटाटा नाही, मेजवानीचा आग्रह नाही. सहकारी प्रथम हसले, आता तेच तिला वेळेची आठवण करून देतात. हे सारे ऐकून माझी बहीण कृतार्थ झाली होती. मुलगी शहरात राहूनही बदलली नाही, यापेक्षा आईला अधिक काय हवे असते?

आमच्या मंदिरात या पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचे विवेचन होते. त्या दिवशी सातवा, म्हणजे व्रतांचा अध्याय होता. पंडितजींनी सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले. त्यात चुकीचा सल्ला देणे, म्हणजे मिथ्योपदेश. खोटे लेख करणे, म्हणजे कूटलेखक्रिया. आणि विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे, म्हणजे न्यासापहार, हेही येतात. मी मनाशी म्हटले, ही तर आमच्या बँकेची आचारसंहिताच झाली! शेजारी बसलेल्या भाचीकडे पाहिले, तर ती खाली मान घालून बसली होती.

रात्री गच्चीवर ती बोलू लागली. तिच्या परवानगीने येथे लिहितो.

“मामा, महाविद्यालयात चूक झाली तर गुण माझेच जायचे. इथे मी पहिली आले, तर ते गुण दुसऱ्या कुणाच्या तरी पासबुकातून कापलेले असू शकतात. हे मला कुणी शिकवलेच नव्हते.”

मग तिने एका निवृत्त शिक्षिकेची हकिगत सांगितली. वय 68, एकट्या राहतात. त्यांची मुदत ठेव पूर्ण झाली होती. तिमाही संपत आलेली, विम्याचे उद्दिष्ट अपुरे. वरिष्ठांनी त्यांचे नाव भाचीकडे दिले. बाईंनी विश्वासाने एक लाखाचा धनादेश लिहिला आणि दाखवले तेथे सह्या केल्या. निघताना त्यांनी विचारले, “बाळ, पुढच्या वर्षी व्याज घ्यायला मी याच टेबलाशी येऊ ना?” ती पॉलिसी होती. पुढच्या वर्षी व्याज मिळणार नव्हते. दुसरा एक लाखाचा हप्ता भरावा लागणार होता, आणि असे एकूण दहा हप्ते.

“आणि मी ‘हो’ म्हणाले, मामा.”

मी अनुभवी माणसाच्या सवयीने प्रथम नियम सांगितला. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून 30 दिवसांच्या आत ग्राहकाला ती परत करता येते; मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा खर्च वजा जाता रक्कम परत मिळते. ती म्हणाली, “ते मला पाठ आहे. परवान्याच्या परीक्षेत आले होते. दस्तऐवज त्यांना मिळून अकरा दिवस झालेत. मी जाऊन सांगू का, एवढेच विचारते आहे.”

माझ्या तोंडून जे उत्तर निघाले, त्याची मला आज लाज वाटते. मी म्हणालो, “नवी नोकरी आहे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते आहेत. थोडे सांभाळून घ्यावे लागते.”

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “तुम्हीही कधी असे ‘हो’ म्हणाला होता का?”

म्हणालो होतो. 1993 च्या मार्चअखेरची गोष्ट. मी तरुण अधिकारी होतो. शाखेचे ठेवींचे उद्दिष्ट अपुरे राहत होते. रात्री व्यवस्थापकांनी दोन मोठ्या व्यापाऱ्यांच्या कॅश क्रेडिट खात्यांतील न उचललेली मर्यादा नावे टाकली आणि तीच रक्कम त्यांच्या चालू खात्यांत जमा दाखवली. एका लेखणीच्या फटकाऱ्यात कर्जेही वाढली आणि ठेवीही वाढल्या. प्रत्यक्षात एक रुपयाही कोठे हलला नव्हता. व्यवहार पुन्हा सुरू होताच उलट नोंदी होऊन सारे पूर्ववत झाले. त्या व्हाउचरांवर दुसरी सही माझी होती. वरिष्ठ कार्यालयाकडून शाखेला अभिनंदनाचे पत्र आले. त्याची प्रत माझ्या फाईलमध्ये अजून आहे.

कुणाचे काय नुकसान झाले, असे मी स्वतःला अनेक वर्षे विचारत असे आणि ‘काही नाही’ असे उत्तर देत असे. परंतु पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट त्या फुगवलेल्या आकड्यावर बेतून आले. खोटा आकडा पाया झाला आणि त्यावर खरी वाढ दाखवणे अशक्य झाले. त्या मार्चला सही करताना हात पहिल्यासारखा अडखळला नाही. माझे खरे नुकसान तेथे झाले. आणि हे सर्व होत असताना मी चातुर्मासात रात्रीचे पाणीही घेत नव्हतो.

भाचीला हे सांगताना एक गोष्ट लख्ख झाली. आपण मुलांना ताटातले व्रत फार चांगले शिकवतो. त्याला घराचा आधार असतो, समाजाचे कौतुक असते आणि ते पाळल्याने पगार कापला जात नाही. टेबलावरचे व्रत मात्र एकट्याने पाळायचे असते. तेथे पाळणाऱ्यालाच किंमत मोजावी लागते. त्यासाठी आपण मुलांना कोणतीच शिदोरी बांधून देत नाही. पर्युषणात घरी आलेल्या मुलांना आपण दोनच प्रश्न विचारतो: रात्री जेवत नाहीस ना, आणि पॅकेज किती? या दोहोंच्या मध्ये ते दिवसाचे दहा तास काय करतात, हे कोण विचारतो?

यातून बँकवाल्याच्या अनुभवाचा एक व्यावहारिक मुद्दा निघतो. नकार देण्यासाठी धैर्य लागते तशी ऐपतही लागते. पहिल्या वर्षातच मोटारीचा, भारी मोबाईलचा आणि सहलीचा हप्ता सुरू झाला, की महिन्याच्या एक तारखेला माणूस आपला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार गहाण टाकतो. परिग्रह-परिमाण हे व्रत आपण म्हातारपणी, सर्व काही जमवून झाल्यावर घेतो. त्याची खरी गरज पंचविसाव्या वर्षी आहे. तरुणांनी आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला काढावी आणि मगच नवा हप्ता अंगावर घ्यावा. ती रक्कम आजारपणात उपयोगी पडतेच. वरिष्ठांसमोर ताठ बसण्यासाठीही पडते. भाचीकडे अशी शिल्लक नव्हती. तेव्हा नोकरीचे काही झालेच, तर तिच्या शैक्षणिक कर्जाचे सहा हप्ते मी भरीन, असे मी तिला सांगितले. माझ्या पहिल्या सल्ल्याचे तेवढे तरी परिमार्जन करणे मला भाग होते.

क्षमावाणीच्या दिवशी आपण शेकडो जणांना एकच ठरीव संदेश पाठवतो. माझी भाची त्या दिवशी एका बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. दस्तऐवज मिळून सोळा दिवस झाले होते. बाई प्रथम समजल्याच नाहीत, समजल्यावर रागावल्या. चहा विचारला नाही. अर्ज मात्र तिच्याकडूनच लिहून घेतला. महिन्याभरात त्यांच्या खात्यात पैसे परत आले.

भाचीचे त्या तिमाहीचे उद्दिष्ट हुकले, प्रोत्साहन भत्ता गेला आणि वरिष्ठांचे बोलणे तुटक झाले. ती अद्याप तेथेच आहे, पण दुसरीकडे अर्ज करू लागली आहे. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. परवा फोनवर एवढेच म्हणाली, “मामा, आता फॉर्मवर सही घेण्याआधी मी ग्राहकालाच सांगायला लावते, आपण काय घेत आहात ते. वेळ लागतो. विक्री कमी होते. पण झोप लागते.”

माझ्या फाईलमधले ते पत्र मी अजून फाडलेले नाही. त्याबद्दल क्षमा नेमकी कुणाची मागायची, हे ठरत नाही. परंतु आता घरी येणाऱ्या प्रत्येक नोकरदार मुलाला मी पॅकेज विचारत नाही. “या महिन्यात कशावर सही केलीस?” असे विचारतो. आपणही विचारून पाहावे, आणि उत्तर मिळेपर्यंत थोडे थांबावे.

जय जिनेंद्र.